पुण्यात ज्यू डेलीचं सँडविच: शोधायचं कसं, जमवायचं कसं

मॅपवर ‘डेली’ (मुरवलेलं मांस, सँडविच, लोणची विकणारं दुकान) शोधायला गेलात तर पुण्यात आधी डेली नीड्सची दुकानं समोर येतात. त्यांच्या खालोखाल येतात ते कॅफे, ज्यांनी नावात ‘डेली’ लावलंय पण काउंटरवर हॅम आणि पोर्क सलामी ठेवलीय. न्यूयॉर्कच्या धर्तीचं ज्यू डेली या शहरात रुजलंच नाही, आणि त्याला कारण आहे. पास्ट्रामी (मिठात मुरवून, मसाला लावून धुरावलेलं मांस), राय नावाच्या धान्याचा ब्रेड, शेपूच्या वासाची आंबवलेली काकडी हे सगळं पूर्व युरोपातल्या ज्यूंनी अमेरिकेत नेलं. पुण्यातले ज्यू बेने इस्राएल (मूळचे कोकणातले मराठी ज्यू) आणि बगदादी (बगदादकडून आलेले). कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ (१८६७), बांधणारे डेव्हिड ससून बगदादी होते. बेने इस्राएल घरांत मटणाच्या रश्शात नारळाचं दूध पडतं, कारण ज्यू नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मलिदा पोह्यांचा करतात. पास्ट्रामी त्या घरांतली नाहीच.

म्हणून पुण्यात दुकान शोधण्यापेक्षा सँडविचचे भाग शोधावेत. ब्रेड, मांस किंवा मासा, मोहरी, काकडी हे चारही इथे मिळतात किंवा घरी होतात.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: तुम्हाला कोशर (ज्यू धर्माचे आहारनियम पाळून केलेलं) हवंय की ‘कोशर स्टाइल’ (फक्त त्या धर्तीचं)? न्यूयॉर्कचं कॅट्झ हे डेली १८८८ पासून चालू आहे, पण ते कोशर नाही. तिथे रूबेन सँडविच मिळतं, आणि रूबेनमध्ये कॉर्न्ड बीफवर (मिठात मुरवलेलं गोमांस) स्विस चीज येतं. म्हणजे मांस आणि दूध एकाच घासात. मेनूवर ‘कोशर’ आणि ‘रूबेन’ शेजारीशेजारी दिसले तर त्या मेनूतला ‘कोशर’ शब्द शोभेपुरता समजा.

चवीपुरतं हवं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. पण पाहुणा खरोखर कोशर पाळणारा असेल तर तुमच्या ओट्यावर केलेलं सँडविच त्याला सहसा चालणार नाही; भांडी, सुरी, ओव्हन सगळंच आड येतं. हलाल चिकन म्हणजे कोशर चिकन नव्हे. शेखिता, म्हणजे कोशर कत्तल, प्रशिक्षित शोखेतच (धार्मिक कत्तल करणारा) करतो, आणि नंतर रक्त काढायला मांस मिठात ठेवतात. साध्या दुकानातलं चिकन घरी कितीही मीठ लावून कोशर होत नाही. अशा पाहुण्यासाठी कोरेगाव पार्कातल्या खबाड हाउसमध्ये (ज्यू धार्मिक केंद्र) निदान दोन-तीन दिवस आधी विचारणा करा. ते हॉटेल नाही, तेव्हा थेट दारात जाऊन उभं राहू नका. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो. त्या वेळात फोन उचलला जाणार नाही आणि पैशांचा व्यवहारही होणार नाही. तोवर घरात सीलबंद कोशर शिक्क्याची पाकिटं, न चिरलेली फळं आणि कागदी ताटल्या ठेवा.

शिक्का कुठला? गोलात यू अक्षर, चांदणीत के अक्षर असे संस्थांचे शिक्के असतात. निर्यात करणाऱ्या बऱ्याच भारतीय कंपन्यांच्या पाकिटांवरही ते सापडतात. शिक्क्याशेजारी डी असेल तर दूधवाला माल, ‘पारेव्ह’ लिहिलं असेल तर दूधही नाही आणि मांसही नाही. आपला हिरवा ठिपका मदतीला येतो, पण अर्धवट. त्यातून जिलेटिन आणि प्राण्याचं रेनेट (चीजसाठी दूध फाडणारं द्रव्य) नाही एवढं कळतं. धार्मिक देखरेखीबद्दल किंवा दुधाबद्दल तो काही सांगत नाही.

दुधाची फजिती सगळ्यात जास्त ब्रेड आणि मेयोनीजमध्ये होते. इथलं ‘व्हेज’ मेयो अंडं वगळतं आणि त्याजागी बऱ्याचदा दुधाची भुकटी घेतं. चिकनच्या सँडविचला ते लावलं की कोशर स्टाइलही संपली. पाकिटाच्या मागे ॲलर्जीची ओळ असते, तिथे ‘मिल्क’ शोधा. ब्रेडचंही तसंच, पावावर भाजल्यावर लोणी फिरवलंय का, तेही विचारा.

राय ब्रेड घेताना बेकरीत एकच प्रश्न: राय धान्याचं (मोहरी-राई नव्हे) पीठ किती टक्के? बहुतेक ठिकाणी राय म्हणजे गव्हाच्या पिठात थोडं रायचं पीठ आणि रंगाला कॅरॅमल. वीस ते चाळीस टक्के रायचं पीठ आणि आंबवणाचा आंबूस वास असेल तर घ्या. घरी करणार असाल तर त्यात पडणारं कॅरवे म्हणजे आपलं जिरं नव्हे. शहाजिरं त्याच्या सर्वांत जवळचं. जिरं घातलंत तर ब्रेडला फोडणीचा वास येईल.

आता मांस. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ च्या कायद्यापासून बैल, वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हशीचं मांस मिळतं. ब्रिस्केटची पास्ट्रामी म्हशीच्या छातीच्या तुकड्याची होऊ शकते, पण तिचा गुलाबी रंग नायट्राइट (मांस टिकवणारं रसायन) असलेल्या क्युअरिंग सॉल्टमुळे, म्हणजे ‘पिंक सॉल्ट’मुळे येतो. इथे ‘पिंक सॉल्ट’ मागितलंत तर वाणी सैंधव देतो. दोन्ही गुलाबी, पण सैंधवात नायट्राइट नाही. सैंधवाच्या भरवशावर मांस आठवडाभर मुरवत ठेवू नका. आणि नायट्राइट अंदाजाने घालायची गोष्ट नाही. पहिल्या वेळी चिकन करा.

एक किलो बोनलेस ब्रेस्टला एक लिटर पाणी, ५० ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम गूळ किंवा साखर, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, दोन तमालपत्रं. पाणी उकळून पूर्ण गार करा, मगच चिकन बुडवा. फ्रिजमध्ये दहा तास. त्याहून जास्त ठेवलंत तर मांस खारट होतं आणि रबरासारखं चावत बसावं लागतं. धुऊन, पुसून दोन तास फ्रिजमध्येच उघडं ठेवा म्हणजे मसाला चिकटतो. मसाला: दोन मोठे चमचे धणे आणि तितकेच मिरे, दोन्ही जाडसर कुटलेले, एक छोटा चमचा ब्याडगी मिरचीची पूड. ओटीजीत १६० अंशांवर साधारण ४० मिनिटं. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा, आत ७४ अंश झालं की बाहेर. मग झाकणाच्या भांड्यात कोळशाचा धुंगार, पाच मिनिटं. निखाऱ्यावर तूप सोडायचा हात आवरा, तेल सोडा, तूपही दूधच. दहा मिनिटं धूर दिला की कडवटपणा येतो.

मासे हा सोपा रस्ता. कोशरला पर आणि खवले दोन्ही लागतात: रोहू, कटला, रावस, बांगडा चालतात, कोळंबी, खेकडा, मोरी, शिंगाळा नाही. गणेश पेठेत किंवा शिवाजी मार्केटात घेताना कातडीसकट तुकडा मागा, खवले डोळ्यांनी दिसले पाहिजेत. रावस भाजून, धुंगार देऊन कुस्करायचा आणि मेयोत कालवायचा, झालं फिश सॅलड. कच्चा मासा मिठात मुरवून होणारं लॉक्स घरच्या फ्रीजरच्या जिवावर करू नका.

काकडीसाठी मात्र वेळ काढा. यात पुण्याचा फायदा आहे, कारण डेलीच्या काकडीतला डिल म्हणजे मंडईतला शेपू. फुलोरा आलेली जुडी मिळाली तर उत्तमच. अर्धा किलो कोवळ्या, बोटभर काकड्या. दोन्ही टोकं तीन-तीन मिलिमीटर उडवा. फुलाच्या टोकात असलेलं एन्झाइम काकडी मऊ पाडतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ३५ ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ (इथे सैंधव खरंच कामाचं), एप्रिल-मेमध्ये ५० ग्रॅम. सहा लसूण पाकळ्या, मिरे, मोहरी, शेपू मूठभर, आणि कुरकुरीतपणासाठी चिमूटभर चहापत्ती. काकड्या पाण्याखाली राहतील असं वजन ठेवा, झाकण सैल. उन्हाळ्यात दोन दिवसांत, डिसेंबरात चार-पाच दिवसांत आंबूस होतात. रोज एक चावून बघा आणि पटलं की फ्रिजमध्ये. पाणी गढूळ होणं बरोबर आहे. वर पांढरी पातळ साय आली तर काढून टाका. हिरवी-काळी लव आली तर बरणीच फेका.

मोहरीसाठी ५० ग्रॅम काळी मोहरी ६० मिली साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून थंडच वाटा. गरम केली की तिखटपणा उडतो. वाटल्या-वाटल्या कडू लागते, दोन दिवसांनी नीट होते. कोशर पाळायचं असेल तर द्राक्षाचं व्हिनेगर टाळा.

चिकन दुसऱ्या दिवशी थंड असतानाच आडव्या धाग्यावर पातळ कापा. गरम कापलं तर भुगा होतो. मग मोदकपात्रात तीन मिनिटं वाफ, झाकणाला फडकं बांधून, म्हणजे पाणी ठिबकत नाही. माणशी १२० ते १५० ग्रॅम. त्याहून कमी घातलं तर ते आपलं नेहमीचं चिकन सँडविच होतं. मोहरी दोन्ही ब्रेडना लावा. काकडी मात्र ताटलीत बाजूला वाढा, आत घातली की खालचा ब्रेड चार मिनिटांत भिजून हातात येतो.