धुक्याच्या सकाळी बॉर्डर कॉलीला काम द्या

ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं उतरलं की सकाळचं फिरणं लांबणीवर पडतं आणि फ्लॅटमधली बॉर्डर कॉली जातीची कुत्री घरच्यांनाच मेंढरांसारखं हाकायला लागते. आमची राणी मुलांच्या टाचांना नाक लावून त्यांना सोफ्याकडे वळवते. अशा वेळी रागावू नका. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढ्या वळवण्यासाठीच ही जात घडली आहे.

सकाळचं खाणं वाटीत घालूच नका. जुना टॉवेल पसरा, त्यावर तिच्या खाण्याचे दाणे विखरा, सैल गुंडाळी करून तिच्यापुढे ठेवा. राणी पंजानं एक कड दाबून धरते, नाकानं घडी उलगडते, मधेच फुस्सकन श्वास सोडते. हे जमलं की गुंडाळीला गाठ मारा. तेही जमलं की ती दुसऱ्या खोलीत लपवा. घरात चेंडू मात्र सारखा फेकू नका. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, आणि कुत्रं शांत होण्याऐवजी आणखी चेकाळतं.

स्वेटर लागत नाही, अंगावर केसांचे दोन थर असतात. आंघोळ घातलीच तर आतली लव मुळापर्यंत कोरडी करा, तिथे ओल फार वेळ राहते. आणि धुकं विरलं की लांब दोरी लावून मैदानात पळवून आणाच, टॉवेलचा खेळ झाला असला तरी.