वणव्याचा हंगाम लागण्याआधी राज्याने हाताशी काय ठेवावे

आधी तारखेचे बघू. महाराष्ट्रात वन विभागाच्या लेखी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा असतो. सह्याद्रीतल्या गवताने हे परिपत्रक वाचलेले नसते. जानेवारी सरता सरता माळ कडकडीत वाळतात आणि पहिला धूर तेव्हाच दिसतो. विदर्भात सागाची पानगळ झाली की जमिनीवर पाचोळ्याचा थर बसतो, तिथला जोर मार्च ते मे. म्हणून ही तयारी डिसेंबरातच सुरू करावी. फेब्रुवारीत आढावा बैठक घेऊन फक्त इतिवृत्त तयार होते.

डिसेंबरचे मोठे काम जाळरेषांचे, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून आधीच मोकळ्या केलेल्या पट्ट्यांचे. गवत कापायचे, वाळू द्यायचे, मग माणसे उभी करून पट्टा जाळून मोकळा करायचा. निधी उशिरा आला तर हेच काम भर फेब्रुवारीत करावे लागते आणि जाळरेषाच वणवा लावते. तेव्हा निधी परिक्षेत्रापर्यंत (वनक्षेत्रपालाच्या हद्दीपर्यंत) कधी पोचला, हे मंत्रालयातून तारखेनिशी विचारावे. झालेले काम फोटोवरून मंजूर करू नये, सहायक वनसंरक्षकाने चालून बघावे. विशेषतः हद्दी बघाव्यात. वन विभाग, वनविकास महामंडळ, महसुली गायरान, मालकी रान आणि पलीकडचे राज्य यांच्या सीमेवरची जाळरेषा कोणी काढायची हे ठरलेले नसले की ती कोणीच काढत नाही. राज्य पातळीवरून करायचे खरे काम हेच. आग विझवायला वनरक्षक आणि गाव पुरेसे असते, अडते ते दोन खात्यांच्या मधल्या पट्ट्यात.

हुकूम कोणाचा, हे लिहून ठेवा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ प्रमाणे राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री आणि जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. जंगल मात्र उपवनसंरक्षकाच्या, म्हणजे त्या भागाच्या वन अधिकाऱ्याच्या ताब्यात. आग बीटातच (एका वनरक्षकाच्या हद्दीतच) आवरत असेल तर वनक्षेत्रपाल बघेल. ती वस्तीकडे सरकली, दुसऱ्या विभागात गेली किंवा ठरावीक तासांत आवरली नाही, की सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे जावीत आणि जागेवर एकच प्रमुख असावा. हे तास आणि अटी कागदावर आकड्यात हव्यात, ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द तिथे चालणार नाही. आणखी एक पेच आपल्याच राज्यातला आहे. वनबल प्रमुखांचे, म्हणजे वन विभागाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे कार्यालय नागपुरात, राज्याचा आपत्कालीन कक्ष मुंबईत मंत्रालयात. चार महिने वन विभागाचा एक निर्णय घेऊ शकणारा अधिकारी मुंबईच्या कक्षात बसवा. निरोप्या नको.

आता सूचनांची साखळी. इथे जरा थांबायला हवे, कारण ‘उपग्रहावरून कळते’ या भरवशावर बरेच जण निवांत असतात. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण नोंदवलेल्या मोबाइलवर आगीचे इशारे पाठवते. पण त्यामागचे उपग्रह आपल्या डोक्यावर कायम उभे नसतात. व्हीआयआयआरएस हा संवेदक असलेला उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. दुपारी तीनला लागलेली आग त्याला मध्यरात्रीनंतरच दिसते. त्याचा एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे नकाशावरचा ठिपका ओढ्याच्या एका काठावर आणि आग दुसऱ्या काठावर असू शकते. म्हणून उंच टेकड्यांवरचे निरीक्षण मनोरे आणि त्यावर बसलेला पोरगा यांना पर्याय नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा मनोरा रिकामा राहता कामा नये, जेवायला सुद्धा आळीपाळीने उतरावे.

अक्षांश-रेखांश लिहायची पद्धत राज्यभर एकच ठेवा. कोणी दशांश अंश पाठवतो, कोणी अंश-मिनिटे. १९.५० अंश म्हणजे १९ अंश ३० मिनिटे. घाईत कोणी ते १९ अंश ५० मिनिटे असे वाचले, तर पथक सदतीसेक किलोमीटर चुकीच्या डोंगरावर जाऊन उभे राहते. ठिपक्याबरोबर बीटाचे नाव आणि जंगलाच्या तुकड्याचा कक्ष क्रमांकही पाठवा. व्हॉट्सॲप गटावर अंगठा आला म्हणजे पथक निघाले असे धरू नका, निघाल्याचा निरोप वायरलेसवर तोंडी घ्या. मेळघाटात किंवा कोयनेच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा वायरलेस संचांच्या बॅटऱ्या जानेवारीत तपासा. लोकांसाठी वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. तो रात्री अडीचला कोण उचलते, हे एकदा स्वतः लावून बघा.

माणसांचे सामान. आपल्याकडची आग बहुधा जमिनीलगत पळते, गवत आणि पाचोळा खात जाते, त्यामुळे बंब रस्त्यापाशीच उभा राहतो. कामाला येतात पाठीवरचे ब्लोअर (पाचोळा उडवणारी यंत्रे), दाताळी, कोयते आणि ओल्या डहाळ्यांचे झोडपे. ब्लोअरला पेट्रोल आणि ऑइल ठरल्या प्रमाणात मिसळून कॅनमध्ये भरून ठेवा. हंगामी मजुरांना जाड सुती कपडे आणि बूट द्या. टेरिकॉट अंगावर वितळते, आणि चप्पल घालून आलेल्याला परत पाठवणेच बरे. आग चढावर धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला उभे राहायचे नाही, जळून काळ्या झालेल्या जमिनीवरून काम करायचे, पळायची वाट आधी बघून ठेवायची. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या आगीत तीन हंगामी मजूर गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात अल्मोड्याच्या बिनसरमध्ये वन विभागाची माणसे होरपळली. तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात भाजलेल्यांवर उपचार होतील असे रुग्णालय, तिथपर्यंतची रुग्णवाहिका आणि मजुरांचा विमा १ फेब्रुवारीपूर्वी पक्का झालेला असावा.

हेलिकॉप्टरची मागणी होणारच, म्हणून तिचीही पूर्वतयारी हवी. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली. २०२४ मध्ये नैनितालच्या वणव्यासाठी भीमताल तलावाचे पाणी उचलले गेले. एमआय-१७ हेलिकॉप्टरखाली लटकवायच्या बंबी बकेट या बादलीत सुमारे ३,५०० लिटर पाणी मावते. आपल्याकडे उन्हाळ्यात कोणत्या धरणात पुरेशी खोली उरते, काठावर विजेच्या तारा कुठे आहेत, उतरायला मोकळे मैदान कोणते, ही यादी जलसंपदा विभागाकडून जानेवारीत घ्या. मागणीचे पत्र कोणाच्या सहीने कोणाकडे जाते तेही ठरवा, नाहीतर पत्र फिरते आणि डोंगर जळून जातो. आणि पाणी पडल्यावर खाली निखारे विझवायला माणसे नसतील, तर दोन तासांत सगळे पुन्हा धुमसते.

गावांशी बोलणे हंगामाआधी व्हावे. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात (रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात), मेळघाटात आणि गडचिरोलीत मोहफुले वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही काडी लागते. सरसकट बंदीने हे थांबत नाही. राब सकाळी वारा पडलेला असताना, बांधाभोवतीचे गवत साफ करून, वनरक्षकाला सांगून भाजावा, एवढे ग्रामसभेत ठरले तरी पुष्कळ. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क किंवा सवलत असणाऱ्यांवर आणि लगतच्या गावातल्या सरकारी नोकरांवर आग विझवायला मदत करण्याचे बंधन आहे. मात्र आधी मोहाच्या झाडाखाली अंथरायला जाळी द्या, म्हणजे फुले वेचायला पाला जाळावा लागणार नाही, कलम नंतर दाखवा.

बाकीचे पटापट. विजेच्या वाहिन्यांखाली आग गेल्यास पुरवठा बंद करण्यासाठी महावितरण आणि महापारेषणचे थेट क्रमांक. जोखमीच्या दिवशी गड आणि ट्रेकच्या वाटा बंद करण्याचा तयार आदेश, कारण मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर वणव्यात अडकलेले ट्रेकर काय भोगून गेले ते सर्वांना ठाऊक आहे. गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणाच्या लगतच्या विभागांशी एकच वायरलेस चॅनेल. सह्याद्रीतले ब्लोअर मार्चअखेर मोकळे झाले तर विदर्भाकडे पाठवायची गाडी आणि तिचा डिझेलचा हिशेब.

आग विझल्याची नोंद करण्याआधी जळलेल्या कडेने चोवीस तास गस्त ठेवावी, उभी सुकलेली खोडे तपासावीत, उतारावरची धुमसणारी ओंडकी अडवावीत. जळलेले क्षेत्र जीपीएस घेऊन चालून मोजावे. आणि हंगामी मजुरांची सगळी मजुरी १५ जूनपूर्वी खात्यात पडावी, कारण पुढच्या जानेवारीत याच पोरांना पुन्हा बोलवायचे असते.