कीटकपेटी करताय? टाचणीआधी लेबल

कॉलेजात कीटक गोळा करून, टाचून लावायच्या पेटीचं काम लागलं की सगळे जाळं घेऊन फुलपाखरांमागे धावतात. दोन दिवस जातात, पंख फाटतात आणि पेटीत एकच गण, म्हणजे कीटकांचा एकच मोठा गट, दिसतो. नोंद झालेल्या सुमारे 10 लाख कीटकजातींपैकी साडेतीन ते चार लाख भुंगेऱ्यांच्याच आहेत. तेव्हा रात्री दिव्यामागे पांढरी चादर टांगा, शेणाचा जुना पो उलटा, भेंडीचं पान मागून बघा.

टाचणी न गंजणारी, 38 मि.मी.ची, दोन किंवा तीन नंबरची. भुंगेऱ्याला उजव्या कठीण पंखातून टोचा, फुलपाखराला छातीच्या मध्यातून, ढेकण्याला (झाडाचा रस शोषणारा किडा) पाठीवरच्या त्रिकोणात जरा उजवीकडून. डावी बाजू ओळखीसाठी शाबूत राहते. मुंगीला टोचू नकाच, कागदी त्रिकोणाच्या टोकावर चिकटवा. अळी आधी उकळत्या पाण्यात बुडवा, मग 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. नाहीतर काळी पडते.

आता लेबल. ‘संध्याकाळी लिहू’ म्हणालात की संपलं. संध्याकाळी पकडलेल्या किड्यांच्या सात पुड्या समोर असतात आणि कुठली कशावरची ते आठवत नाही. गाव, तालुका, जिल्हा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहाच. महिना रोमन अंकात लिहा, 5-7 म्हणजे मे की जुलै हा घोळ उरत नाही. पेन्सिल किंवा चायनीज शाई वापरा. जेल पेन अल्कोहोलमध्ये धुऊन जातं. आणि सगळे जे गाळतात ते: कोणत्या झाडावर, झाडाच्या कुठल्या भागावर सापडला.

कारण ‘कीटक एवढे विविध का’ याचं उत्तर तिथेच आहे. परीक्षेत पंख, लहान आकार, कवच, रूपांतरण अशी यादी पाठ म्हणतात, पण रूपांतरणाने, म्हणजे अळीचा कोष आणि कोषातून प्रौढ होण्याने, नेमकं काय साधतं ते सांगता येत नाही. कढीपत्त्यावरची लिंबू फुलपाखराची अळी पानं कुरतडते, तिचंच फुलपाखरू मध पितं. आई आणि पिल्लू एका ताटात जेवत नाहीत. भेंडीवरच्या लाल ढेकण्याची पिल्लं मात्र मोठ्यांसोबत त्याच बोंडांचा रस शोषतात. कीटकांच्या पाचातल्या चारांहून जास्त जाती पहिल्या, कोष करणाऱ्या प्रकारातल्या आहेत. लेबलवर झाड नसेल तर हे तुमच्या पेटीतून दिसणारच नाही.

सीनियरची तयार पेटी घेऊ नका. तोंडी परीक्षेत ‘हा कुठे मिळाला?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. फोनवरचं ॲप गणापर्यंत ठीक, जातीच्या नावावर भरवसा नको. मधमाशी म्हणून सिरफिड माशी लावली जाते. पंख मोजा, माशीला दोनच असतात. आणि मार्गदर्शक निवडायचा तर सकाळी सहाला बांधावर सोबत येणारा बघा, दालनातून सही करणारा नको.

पहिल्या पेटीत मिशा तुटतातच, घाबरू नका. तुटलेली मिशी त्याच टाचणीखाली कागदावर चिकटवा. अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही पकडू नका. काही फुलपाखरं 1972च्या वन्यजीव कायद्याच्या सूचीत आहेत, ती अभयारण्याबाहेरही पकडायची नाहीत. नमुने दोन आठवडे वाळल्याशिवाय पेटी बंद करू नका, पावसाळ्यात बुरशी धरते. टाचणीखाली बारीक भुकटी दिसली तर आत वाळलेले नमुने खाणारा पेटीकिडा शिरलाय. पेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा.