सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये या चुका टाळा

सर्जरीची पोस्टिंग लागली, म्हणजे त्या विभागात शिकायची पाळी आली, की बरीच मुलं पहिल्याच दिवशी ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, दार गाठतात. टेबलाभोवती सर, दोन रेसिडेंट, इंटर्न आणि सिस्टर असतात. त्यांच्या मागे टाचा उंचावून बघणारी आठ-दहा मुलं. दोन तासांनी ती बाहेर येतात तेव्हा त्यांना दिसलेलं असतं हिरवं कापड आणि पुढच्याचा खांदा. त्याच वेळी वॉर्डात उद्याच्या यादीतला हर्नियाचा पेशंट दिवसभर मोकळा पडून असतो आणि एकाही विद्यार्थ्याने त्याला हात लावलेला नसतो.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने सर्जरी शिकायची ती वॉर्डात आणि ओपीडीत, हाताने आणि कानाने, असं माझं ठाम मत आहे. ओटीत जरूर जावं, पण स्वतः तपासलेल्या पेशंटच्या मागून जावं. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळेच होतात.

मिरज-सांगलीच्या मुलांकडे यासाठी सगळं आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उघडलं, तेव्हापासून लांबलांबचे लोक ऑपरेशनसाठी या गावात येतात. १९६२ साली इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आजही जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून आणि सीमेपलीकडून अथणी-चिक्कोडीकडून पेशंट येतात. पुष्कळदा आजार अंगावर काढून, उशिरा येतात. त्यांचं ते दुर्दैव आहे. पण त्यामुळे शिकणाऱ्याला लक्षणं ठळक दिसतात, आणि म्हणूनच ती नीट बघण्याची जबाबदारीही मोठी आहे.

हिस्ट्री विचारली, पण कळली नाही

मॅन्युअलमधले प्रश्न जसेच्या तसे मराठीत विचारले की उत्तरं चुकीची येतात. "शुगर आहे का?" असं विचारलं की आजी म्हणतात, "न्हाय बाळा, मी गोड खातच न्हाय." केस पेपरवर लिहिलं जातं, मधुमेह नाही. त्याऐवजी "रक्त-लघवी कधी तपासली होती का? रोजची कुठली गोळी चालू आहे? दाखवा बघू," असं म्हणा. पिशवीतून औषधाची पट्टी निघते आणि निम्मी हिस्ट्री तिथेच मिळते. पायाची जखम असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: "चालताना चप्पल पायातून निसटते आणि तुम्हाला कळतही नाही, असं होतं का?" हो म्हणाल्या तर पायाच्या संवेदना गेल्याचा संशय घ्या आणि मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या बारीक तारेने) तपासून खात्री करा.

तंबाखूचंही तसंच. "तंबाखू खाता का?" याला आपल्याकडच्या बायका ठाम नाही म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखूत धरत नाहीत. गालात पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण असेल तर "सकाळी दात कशाने घासता? मिश्री लावता का? दिवसातनं किती वेळा?" असं तीन तुकड्यांत विचारा.

हर्नियाच्या पेशंटला "वजन उचलता का?" विचारलं की तो "आता न्हाय" म्हणतो. पूर्वी काय काम करायचा, हे विचारलं की कळतं, हा माणूस वर्षानुवर्षं डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत आलाय. जुना खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला कुंथावं लागणं हे तिन्ही विचारायचंच. साठीच्या पुढच्या पुरुषात प्रोस्टेटचा त्रास तसाच ठेवून नुसता हर्निया शिवला, तर कुंथणं चालूच राहतं. कामाची माहिती पुढेही लागते. डिस्चार्जच्या दिवशी तो विचारणार असतो, "पुन्हा तोडीवर कधी जाऊ?"

पेशंट कानडी बोलणारा असेल तर "लँग्वेज बॅरिअर" म्हणून केस सोडून देऊ नका. एल्लि नोवु, म्हणजे कुठे दुखतंय, आणि केम्मि, म्हणजे खोका, एवढं आलं तरी तपासणी सुरू होते. बाकीच्याला शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक असतोच. तो दुभाष्या कामाचा आहे, पण खाजगी प्रश्न त्याच्यामार्फत विचारू नका. त्यासाठी कानडी येणाऱ्या सिस्टरना विनंती करा.

अंगठा चुकीच्या जागी

हर्नियाची केस प्रत्येक टर्म एंडिंगला येते आणि प्रत्येक वेळी त्याच जागी मुलं अडकतात. पेशंट आडवा असतानाच तपासणी सुरू करतात, ही पहिली चूक. आडवा झाल्यावर गाठ आत गेली की बघणार काय? आधी उभं करा. दोन्ही बाजू उघड्या ठेवून, हात न लावता बघा. खोकायला सांगा. मग गाठीच्या वर बोटं पोहोचतात का ते बघा. पोहोचली तर गाठ अंडकोशातली, उदाहरणार्थ हायड्रोसील (अंडकोशात पाणी साचणं). नाही पोहोचली तर ती वरून, जांघेतून उतरली आहे.

त्यानंतर आडवं करायचं आणि गाठ आत घालवायची. तुम्ही जोर करू नका. "मामा, तुम्ही रोज कशी आत घालता तशी घाला," म्हणा. तो माणूस हे वर्षानुवर्षं करतोय, त्याच्याइतकं सफाईने तुम्हाला जमणार नाही. गाठ पूर्ण आत गेल्याशिवाय डीप रिंगच्या, म्हणजे जांघेतल्या वाटेच्या आतल्या तोंडाच्या, टेस्टला अर्थ नाही. या रिंगमधून येतो तो इनडायरेक्ट हर्निया, रिंगच्या आतल्या बाजूला भिंतीतून थेट येतो तो डायरेक्ट; अंगठ्याने रिंग दाबून हेच ओळखायचं.

आता अंगठा. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, म्हणजे अँटेरिअर सुपिरिअर इलिअॅक स्पाइन, आणि प्युबिक ट्युबर्कल, म्हणजे जांघेच्या आतल्या टोकाचा हाडाचा उंचवटा, यांच्या बरोबर मध्यावर, तिथून साधारण सव्वा सेंटिमीटर वर, ही डीप रिंगची जागा. मुलं ट्युबर्कलऐवजी सिम्फिसिस, म्हणजे मधोमधचा हाडांचा सांधा, धरतात. कमरेचं हाड आणि सिम्फिसिस यांचा मध्य म्हणजे मिड-इंग्वायनल पॉइंट आणि तिथे लागते फेमोरल आर्टरीची नाडी. अंगठा असा आत सरकला की रिंग उघडीच राहते. पेशंट खोकतो, इनडायरेक्ट हर्निया बाहेर येतो आणि तुम्ही आत्मविश्वासाने "डायरेक्ट" सांगता. म्हणून ट्युबर्कल बोटाने प्रत्यक्ष शोधा, अंदाजाने धरू नका. स्थूल पेशंटमध्ये ते सापडत नसेल तर मांडी आतल्या बाजूला दाबायला सांगा. अॅडक्टर लाँगसचा ताठ दोर हाताला लागतो, तो धरून वर गेलात की ट्युबर्कलपाशी पोहोचता.

अंगठा जागेवर असताना खोकल्यावर गाठ आली नाही, तर इनडायरेक्ट. अंगठ्याच्या आतल्या बाजूने आली, तर डायरेक्ट. नीट करूनही ही टेस्ट कधीकधी चुकते. खरं उत्तर दुसऱ्या दिवशी ओटीत मिळतं. सॅक (हर्नियाची पिशवी) इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्यांच्या बाहेरच्या बाजूला असेल तर इनडायरेक्ट, आतल्या बाजूला असेल तर डायरेक्ट. काल ज्याने अंगठा ठेवला होता तोच विद्यार्थी आज विचारू शकतो, "सर, एपिगॅस्ट्रिक कुठे आहेत?" टाचा उंचावून बघणाऱ्याला हा प्रश्न सुचतच नाही.

लुगड्याआड राहून गेलेली गाठ

ही चूक विद्यार्थ्यांपुरती नाही आणि ती जिवावर बेतते. वयस्कर बाई पोट फुगलंय, उलट्या होतायत, शौचाला झालेलं नाही म्हणून येते. सगळे पोट तपासतात. जांघ कुणी बघत नाही, कारण नऊवारी सोडायला सांगायचा संकोच वाटतो. फेमोरल हर्निया छोटा असतो, प्युबिक ट्युबर्कलच्या खाली आणि बाहेरच्या बाजूला, सुपारीएवढा. बाईने स्वतःही त्याकडे लक्ष दिलेलं नसतं. त्यात अडकलेलं आतडं काळं पडायला वेळ लागत नाही.

आतड्याचा अडथळा म्हटलं की दोन्ही जांघा उघडून बघायच्याच, यात सूट नाही. संकोचावरही उपाय आहे. सिस्टरना बोलवा, पडदा ओढा, "आजी, पोटाचं कारण कधीकधी जांघेत असतं, तिथं एकदा बघावं लागेल, चालेल का?" असं विचारा. नीट सांगितल्यावर आजी बहुधा हो म्हणतात. स्तनाच्या गाठीची तपासणीही अशीच: परवानगी, पडदा, सोबत बाई कर्मचारी. आधी निरोगी बाजू तपासायची आणि दोन्ही काखा विसरायच्या नाहीत.

एक पोट आणि दहा हात

अपेंडिक्सचा पेशंट आला की सगळ्या बॅचला मॅकबर्नी पॉइंट दाबून बघायचा असतो. बेंबीपासून कमरेच्या हाडापर्यंतच्या रेषेचे तीन भाग करा. हाडाच्या बाजूचा एक भाग संपतो तो हा बिंदू. दाबल्यावर पेशंट कळवळतो, आणि मागे आणखी नऊ जण रांगेत उभे असतात. हे बंद करा. एकाने तपासायचं, बाकीच्यांनी पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं. पोट तपासताना बघायचा असतो तो चेहराच. हात दुखऱ्या जागेपासून लांब ठेवून सुरुवात करा. "आधी खोका बघू," म्हणा. खोकतानाच तो उजवीकडे हात धरत असेल तर पेरिटोनियमला (पोटाच्या आतल्या अस्तराला) सूज असण्याची खूण मिळाली, मग दाबून एकदम सोडण्याची रिबाउंड टेस्ट परत परत करायची गरज राहत नाही.

पायाच्या जखमांचं गणित वेळेचं आहे. दहाला येणाऱ्या मुलांना बांधलेलं बँडेज दिसतं आणि मग ते सोडायचा आग्रह होतो. सकाळच्या ड्रेसिंगला रेसिडेंटबरोबर हजर राहा. जखमेची कड, तळ, वास, स्राव, सगळं तेव्हाच दिसतं. रेसिडेंटला दोन हातांची मदत होते, त्यामुळे तोही आपणहून शिकवतो. जखम बघून झाली की डॉर्सालिस पेडिस (पावलावरची) आणि पोस्टेरिअर टिबियल (घोट्यामागची) या दोन नाड्या तपासल्याशिवाय खाट सोडू नका.

केस सांगताना

सरांनी मध्येच थांबवलं की मुलं घाबरतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं, पाच मिनिटं झाली तरी पेशंटला झालंय काय हे कळलेलं नसतं. पहिल्या वाक्यात वय, काम, तक्रार आणि मुदत सांगा. "नाही"ची यादी वाचू नका. निदानाला लागणारे तीन-चार नकार पुरेत. निदान पूर्ण सांगा: उजव्या बाजूचा, आत जाणारा, इनडायरेक्ट इंग्वायनल हर्निया, गुंतागुंत नाही. नुसतं "हर्निया" म्हटलं की पुढचे चार प्रश्न तुम्ही ओढवून घेतलेत.

ओटीत

खाऊन जा. उपाशी पोटी, मास्क लावून, तासभर एका जागी उभं राहिलं की चक्कर येते आणि ते लाजिरवाणं नाही. घाम फुटला, कानात आवाज यायला लागला की मागे सरकून सरळ जमिनीवर बसा. टेबलावर कोसळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

निर्जंतुक भागापासून हातभर लांब राहा. चुकून कापडाला धक्का लागला तर त्याच क्षणी मोठ्याने सांगा. सिस्टर रागावतील, कापड बदलतील, विषय संपेल. गप्प बसलात तर त्याची किंमत पेशंटची जखम मोजते. स्क्रब होऊन उभं राहायची संधी मिळाली तर हात कोपरांपेक्षा वर, आणि गाऊन घातल्यावर छाती ते कंबर एवढ्यातच ठेवा. गाऊनची पाठ निर्जंतुक धरत नाहीत. रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला ओढून धरायचं अवजार) दिला तशाच कोनात धरा, बघायला मिळावं म्हणून ओढू नका. मोबाइल बाहेर.

सुरुवातीचा टाइम-आउट चुकवू नका. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल चेकलिस्ट २००८ साली आली. नाव, बाजू, ऑपरेशन मोठ्याने म्हणायची ती पद्धत तुम्ही तपासलेल्या पेशंटच्या वेळी ऐका. केस पेपरवर डावी आणि तुमच्या आठवणीत उजवी असेल तर तिथेच बोला. विद्यार्थी आहे म्हणून गप्प राहण्याची ती जागा नव्हे.

अडलं तर

क्लिनिक रद्द झालं तर कॅन्टीनला न जाता मायनर ओटी किंवा कॅज्युअल्टी गाठा. गळू फोडणं, टाके घालणं तिथे जवळून दिसतं. रेसिडेंट फक्त सॅम्पल पोहोचवायला पाठवत असेल तर ते करा, आणि परत आल्यावर रिपोर्टबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. पेशंट बोलायला तयार नसेल तर जेवणाची वेळ, भेटीची वेळ आणि एनीमाची वेळ टाळून पुन्हा जा. सकाळपासून तो पाचव्यांदा तीच कहाणी सांगत असतो. नाही म्हणण्याचा त्याला हक्क आहे. लॉगबुक रोजच्या रोज भरा, शेवटच्या दिवशी सह्या गोळा करत फिरणाऱ्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

सुई टोचली तर

ही गोष्ट लपवणं ही पोस्टिंगमधली सर्वांत धोक्याची चूक. मुलं ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत. टोचल्यावर बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, जखमेवर स्पिरिट ओतू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच रेसिडेंटला, नंतर कॅज्युअल्टीत सांगा. ज्या पेशंटची सुई होती त्याच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या चाचण्या पाठवल्या जातात. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची गरज असेल तर पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत जायला हवा. ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. रात्री हॉस्टेलवर बसून विचार करण्यात घालवलेले तास याच हिशेबातून जातात.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. ती थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाका. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासून घ्या, दर मिलिलिटरला १० मिली इंटरनॅशनल युनिट किंवा जास्त हवी. पहिला डोस राहिला असेल तर पोस्टिंग सुरू व्हायची वाट न बघता याच आठवड्यात घ्या.