मानसशास्त्राच्या पहिल्या पेपरची तयारी: स्मृतीच्या प्रकरणापासून सुरुवात करा

मानसशास्त्राचं पुस्तक वाचायला सोपं जातं. उदाहरणं घरातली असतात, भाषा फार जड नसते, पान उलटताना 'हे कळलं' असं वाटत राहतं. मग पेपरात 'ऋण प्रबलन म्हणजे काय? उदाहरण देऊन स्पष्ट करा' असा प्रश्न येतो आणि पेन अडतं. कुठल्या पानावर होतं, डाव्या बाजूला होतं की उजव्या, हे आठवतं, पण लिहायला वाक्य सुचत नाही. अकरावी-बारावीच्या आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून मी हे इतक्यांदा ऐकलं आहे, की आता शिकवायला सुरुवातच तिथून करते.

असं का होतं, याचं उत्तर याच विषयात आहे. समोर आलेली गोष्ट ओळखता येणं ही प्रत्यभिज्ञा. समोर काहीही नसताना ती मनातून बाहेर काढता येणं हे प्रत्यावाहन. पुस्तक पुन्हापुन्हा वाचताना आपण प्रत्यभिज्ञेचा सराव करतो आणि पेपर मागतो प्रत्यावाहन. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की पुस्तकाचा क्रम बाजूला ठेवा आणि स्मृतीचं प्रकरण सगळ्यात आधी करा. बाकीची प्रकरणं कशी करायची, हे तेच प्रकरण शिकवतं.

पायरी 1: स्मृतीचं प्रकरण शिका आणि लगेच स्वतःवर वापरा

हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक शब्दावयवांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि किती वेळाने किती विसरतो, हे स्वतःवरच मोजलं. 1885 मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, नंतर तो मंदावत जातो. म्हणजे आज केलेल्या धड्याला सगळ्यात मोठा धोका उद्या-परवाच असतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात केलेली पहिली उजळणी त्या मानाने फार उशिरा येते.

दुसरा प्रयोग रोडिगर आणि कार्पिक यांचा, 2006 मधला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. तुमचा पेपर पाच मिनिटांनी नाही, हे इथे लक्षात घ्या.

यावरून काढलेली कृती अशी. एक घटक वाचा, पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या. दहा मिनिटं आठवेल ते लिहा, वाक्यं तुटकी असली तरी चालेल. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने त्याच कागदावर भरा. दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन तोच घटक पुन्हा लिहा, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी. लाल शाई दर वेळी कमी होताना दिसली पाहिजे. ज्या ओळीत ती पुन्हापुन्हा येते, ती तुमची कच्ची जागा. पहिला कागद जवळजवळ लालच होईल. त्याने खचू नका, एबिंगहाउसची यादीही अशीच गळत होती.

या प्रकरणातल्या बाकीच्या गोष्टी आपल्या आयुष्यातून पकडा. जॉर्ज मिलरने 1956 मध्ये मांडलं, की अल्पकालीन स्मृतीत एका वेळी सुमारे सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतके घटक राहतात. आता आधार कार्ड बघा. क्रमांक बारा आकडी आहे, पण छापलाय चार-चारच्या तीन गटांत. बारा सुटे आकडे पेलत नाहीत, तीन गट पेलतात. हेच गटीकरण. परीक्षेत हे उदाहरण लिहिलंत तर सात हा आकडा आणि त्याचा अर्थ दोन्ही सांगून होतात.

व्यत्ययाचे दोन प्रकार मुलं हमखास उलटे लिहितात. एटीएमचा पिन बदलला आणि बोटं अजून जुनाच दाबतात: जुनं नव्याच्या आड आलं, हा अग्रलक्षी व्यत्यय. सहा महिन्यांनी जुना पिन आठवायचा म्हटलं तर नवाच आठवतो: नवं जुन्याच्या आड आलं, हा पृष्ठलक्षी व्यत्यय. अडथळा कोण आणतंय एवढंच विचारा. जुनं पुढे सरकून आड येत असेल तर अग्र, नवं मागे वळून आड येत असेल तर पृष्ठ.

पायरी 2: ओळखीचे शब्द संशयाने बघा

मराठी माध्यमातून हा विषय करणाऱ्यांची खरी अडचण अनोळखी शब्दांची नसते. अनोळखी शब्द आपण पाठ करतो. घात करतात ते ओळखीचे शब्द, कारण त्यांचा घरातला अर्थ आधीच डोक्यात बसलेला असतो.

'अध्ययन' म्हणजे इथे पुस्तक घेऊन बसणं नव्हे. सरावामुळे किंवा अनुभवामुळे वर्तनात होणारा तुलनेने टिकाऊ बदल म्हणजे अध्ययन. कुत्रा चावल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला भिणं हेही अध्ययनच. 'प्रेरणा' म्हटलं की आपल्याला थोरांची चरित्रं आठवतात. मानसशास्त्रात भूक लागली म्हणून डबा उघडणं हीसुद्धा प्रेरित कृती आहे. 'वेदन' ऐकलं की दुखणं डोळ्यांसमोर येतं. पण स्वयंपाकघरातून हिंगाचा वास आला आणि नाकाने तो टिपला, इतकंच वेदन. 'आज वरणाला फोडणी बसली' हा त्या वासाला लावलेला अर्थ म्हणजे संवेदन.

वहीच्या शेवटच्या पानांवर अशा शब्दांचे दोन रकाने करा, 'घरातला अर्थ' आणि 'पेपरातला अर्थ'. पारिभाषिक शब्द पुस्तकागणिक बदलतात, संवेदनाला कुठे अवबोध म्हणतात. तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात जो शब्द आहे तोच वापरा, दोन पुस्तकांतले शब्द एका उत्तरात मिसळू नका.

पायरी 3: अभिसंधान सावकाश करा

अभिसंधान म्हणजे एखाद्या उद्दीपकाशी किंवा परिणामाशी जोड बसून प्रतिसाद शिकला जाणं. सगळ्यात जास्त गुण जिथे गळतात ते हे प्रकरण. इथे घाई करू नका, दोन दिवस द्या.

पिकलेली, चिकट, तपकिरी चिंच डोळ्यांसमोर आणा. मिठात घोळवलेली. बोटाने तिचा गर शिरेपासून सुटा केला आणि जिभेवर ठेवला. हे वाचताना तोंडाला पाणी सुटलं असेल, तर अभिजात अभिसंधान तुम्ही आत्ता अनुभवलंत. जिभेवरचा आंबटपणा हा अनभिसंधित उद्दीपक, कारण त्याने लाळ सुटायला काही शिकावं लागत नाही. ती लाळ हा अनभिसंधित प्रतिसाद. 'चिंच' हा शब्द मुळात तटस्थ, नुसता आवाज. पण चिंच खाताना तो इतक्यांदा कानावर पडला, की आता शब्दानेच लाळ सुटते. शब्द झाला अभिसंधित उद्दीपक आणि त्याने सुटलेली लाळ अभिसंधित प्रतिसाद. मराठी न येणाऱ्या माणसापुढे हा शब्द कितीही वेळा उच्चारा, त्याच्या तोंडाला पाणी सुटणार नाही. तो प्रतिसाद शिकलेला आहे, याचा हाच पुरावा.

आता इव्हान पाव्हलोव्हचा कुत्रा या चौकटीत बसवा: अन्न, लाळ, ध्वनी, ध्वनीने सुटलेली लाळ. पाव्हलोव्ह मुळात पचनक्रियेचा अभ्यासक होता, 1904 चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. अन्न न देता नुसता ध्वनी ऐकवत राहिलं की लाळ हळूहळू बंद होते, हे विलोपन. थोड्या विश्रांतीनंतर ध्वनी ऐकवला की ती पुन्हा थोडी सुटते, ही उत्स्फूर्त पुनःप्राप्ती.

साधक अभिसंधानात क्रम उलटा असतो. आधी कृती, मग परिणाम, आणि त्या परिणामावरून पुढची कृती. मांजराला खटक्याच्या पेटीत ठेवणारा थॉर्नडाइक आणि उंदीर-कबुतरांवर काम करणारा स्किनर ही इथली दोन नावं. इथे फक्त दोन प्रश्न विचारायचे. कृतीनंतर काही मिळालं की काही गेलं? त्यामुळे ती कृती वाढली की घटली? मिळालं तर धन, गेलं तर ऋण. वाढली तर प्रबलन, घटली तर शिक्षा.

पाढे म्हटल्यावर शाबासकी मिळाली आणि मुलगी रोज म्हणू लागली: धन प्रबलन. मच्छरदाणी लावली, डास चावायचे थांबले, दुसऱ्या रात्री हात आपोआप मच्छरदाणीकडे गेला: ऋण प्रबलन. वर्गात बडबड केली, उठाबशा काढाव्या लागल्या, बडबड कमी झाली: धन शिक्षा. मोबाइल काढून घेतला आणि उशिरा घरी येणं थांबलं: ऋण शिक्षा. 'ऋण' म्हणजे वाईट नव्हे, 'ऋण' म्हणजे वजा. ऋण प्रबलनाला शिक्षा म्हणणं ही या प्रकरणातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. सर ओरडतात, सगळा वर्ग त्या मुलाकडे बघतो, आणि तो उद्या आणखी दंगा करतो. इथे ओरडणं ही शिक्षा ठरली नाही, ते प्रबलन ठरलं. देणाऱ्याच्या मनात काय होतं यावर नाव ठरत नाही, वर्तनाचं पुढे काय झालं यावर ठरतं. उत्तरात हे एक वाक्य आलं की संकल्पना कळली आहे, हे तपासणाऱ्याला दिसतं.

प्रबलनाची वेळापत्रकं, म्हणजे प्रबलन किती कृतींनंतर किंवा किती वेळाने मिळतं याचे प्रकार, लवकर होतात. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी म्हणजे निश्चित प्रमाण, महिन्याचा पगार म्हणजे निश्चित कालांतर, लॉटरी म्हणजे बदलतं प्रमाण. मोबाइलवर नवा संदेश आलाय का हे सारखं उघडून बघणं म्हणजे बदलतं कालांतर.

पायरी 4: प्रत्येक प्रयोग चार ओळींत लिहा

कोणावर केला, काय केलं, काय आढळलं, त्यातून काय कळतं. नमुना म्हणून लॉफ्टस आणि पामर यांचा 1974 चा प्रयोग घ्या.

पंचेचाळीस विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या. मग गाड्यांचा वेग विचारला, पण प्रश्नातलं क्रियापद बदललं. 'गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा' असं विचारलेल्यांनी सरासरी ताशी 40.8 मैल सांगितले, 'एकमेकींना टेकल्या तेव्हा' अशा सौम्य शब्दांत विचारलेल्यांनी 31.8. वेगळ्या दीडशे जणांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच मुळात नव्हतीच. 'आदळल्या' गटातल्या 50 पैकी 16 जणांनी हो म्हटलं, 'धडकल्या' गटातल्या 50 पैकी 7 जणांनी. म्हणजे स्मृती जशीच्या तशी साठत नाही, आठवताना ती पुन्हा रचली जाते आणि प्रश्नाचे शब्द त्या रचनेत मिसळतात.

इथेच चलही पक्के करा. प्रयोगकर्ता जे बदलतो ते स्वतंत्र चल, इथे क्रियापद. जे मोजतो ते परतंत्र चल, इथे सांगितलेला वेग. याच पद्धतीने कोहलरचा सुलतान चिंपांझी (मर्मदृष्टीने शिकणं) आणि बांडुराची 1961 ची बोबो बाहुली (दुसऱ्याचं बघून शिकणं) हे प्रयोग लिहून ठेवा.

पायरी 5: सनावळ्या आणि आकडे थोडक्यात

थोड्याच सनावळ्यांवर काम भागतं. 1879, वुंटची लाइपझिगमधली मानसशास्त्राची प्रयोगशाळा. 1905, बिने आणि सिमाँ यांची पहिली बुद्धिमत्ता चाचणी. 1913, वॉटसनचा वर्तनवाद, म्हणजे दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करायचा हा विचार. 1916, कलकत्ता विद्यापीठातला मानसशास्त्राचा विभाग. बुद्धिगुणांकाचं जुनं सूत्र म्हणजे मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले 100. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय बारा असेल तर 120. बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी बेतली, ती बिने-कामत चाचणी. या प्रश्नाखाली तिचा उल्लेख जरूर करा.

मुलांची विचारशक्ती कशी वाढते याच्या पियाजेने सांगितलेल्या अवस्थांची वयं (0 ते 2, 2 ते 7, 7 ते 11 आणि पुढे) पाठच करावी लागतात. मात्र घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर एकदा दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या आणि त्याच्यासमोर एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता. बहुधा ते 'यात जास्त' म्हणेल. पाणी तेवढंच राहतं हे अजून न कळणं, म्हणजे अक्षय्यतेची जाण नसणं.

शेवटचे दोन दिवस

नवीन काही उघडू नका. लाल शाईचे कागद काढा आणि फक्त लाल ओळी पुन्हा न बघता लिहा. आदल्या रात्री जागू नका. जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी 1924 मध्येच दाखवलं होतं, की पाठ केल्यावर जागं राहण्यापेक्षा झोपलं तर कमी विसरतं.

पेपर हातात आला की 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नांवर आधी खूण करा. त्यांच्या जोड्या, म्हणजे अभिजात-साधक, वेदन-संवेदन, ऋण प्रबलन-शिक्षा, कच्च्या कामाच्या जागेत दोन-दोन शब्दांत उतरवून ठेवा, आणि मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला घ्या.