एजीएन ओळखताना या चुका टाळा

नाशिकमध्ये एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी एजीएन, म्हणजे सक्रिय दीर्घिका केंद्रकं (मधलं महाकाय कृष्णविवर वायू गिळत असल्यानं झळकणारी), हा विषय सोयीचा. दुर्बीण लागत नाही; स्लोन (दृश्य प्रकाशाचं सर्वेक्षण), वाइज (अवरक्त दुर्बीण), चंद्रा (क्ष-किरण दुर्बीण) यांची निरीक्षणं घरबसल्या फुकट मिळतात. गाडी अडते ती पुढे. एकच दीर्घिका एका यादीत एजीएन निघते, दुसरीत साधी, आणि मुलं नको ती यादी गुपचूप गाळतात. ही सगळ्यात मोठी चूक. याद्यांचं जमत नाही तिथंच बहुधा लिहिण्याजोगं काही असतं.

एनजीसी १०६८ ही दीर्घिका घ्या. दृश्य वर्णपटात नमुनेदार सेफर्ट-२ (फक्त अरुंद रेषा दाखवणारं एजीएन), अवरक्तात झगझगीत. क्ष-किरणांत मात्र केंद्रक थेट दिसत नाही, कारण मध्ये दाट वायू आहे: चौरस सेंटिमीटरमागे एकावर २४ शून्यांहून जास्त हायड्रोजन अणू. क्ष-किरण कमी म्हणून कृष्णविवर शांत, असं लिहून मोकळं होऊ नका. आयनित ऑक्सिजनच्या ५००७ अँगस्ट्रॉमच्या रेषेच्या मानानं क्ष-किरण फारच फिके भरले, तर आधी झाकोळाचा संशय घ्या. नूस्टार या जास्त ऊर्जेच्या क्ष-किरण दुर्बिणीची निरीक्षणं असतील तर तीही बघा. उलट, क्ष-किरणांची तेजस्विता सेकंदाला एकावर ४२ शून्यं अर्गच्या खाली असेल, तर ते किरण एजीएनऐवजी दीर्घिकेतल्या जोडताऱ्यांचेही असू शकतात.

बीपीटी आलेख, म्हणजे वर्णपटातल्या रेषांच्या गुणोत्तरांवरून एजीएन आणि तारानिर्मिती वेगळी काढणारा आलेख, १९८१ पासून वापरात आहे, म्हणून डोळे झाकून वापरायचा नाही. तो अरुंद रेषांचा आहे. टाइप-१ मध्ये, म्हणजे रुंद रेषाही दाखवणाऱ्या एजीएनमध्ये, रुंद घटक वेगळा काढल्याशिवाय एच-अल्फा या हायड्रोजनच्या रेषेचा आकडा त्यात टाकू नका. एच-बीटा या हायड्रोजनच्याच दुसऱ्या रेषेखालचं ताऱ्यांचं शोषण वजा केलं नाही तर बिंदू उगाच वर सरकतो. आलेखाच्या 'लायनर' पट्ट्यात (कमी आयनीकरणाच्या रेषा ठळक असलेल्या) पडलेली प्रत्येक दीर्घिकाही एजीएन नसते. एच-अल्फाची समतुल्य रुंदी (आजूबाजूच्या प्रकाशाच्या मानानं रेषेची ताकद) ३ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल, तर म्हातारे तप्त तारेही तसाच वर्णपट देतात. आणि रेडशिफ्ट साधारण ०.४ च्या पुढे गेला की एच-अल्फा स्लोनच्या जुन्या वर्णपटातून बाहेरच पडते.

वाइजमध्ये घोळ होतो तो मोजपट्टीचा. पहिल्या दोन तरंगपट्ट्यांतल्या मॅग्निट्यूडचा फरक ०.८ किंवा जास्त, ही एजीएनची अट वेगा या मॅग्निट्यूड मोजण्याच्या पद्धतीची आहे. एबी या दुसऱ्या पद्धतीची मॅग्निट्यूड घेतलीत तर तीच अट सुमारे ०.१६ होते.

आता रेडिओ. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहून आलेली मुलं रेडिओ स्रोत दिसला की एजीएन म्हणतात. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं म्हणजे पंचवटीत पाऊस झालाच असं नाही. गंगापूर धरणातून सोडलेलंही असतं. तसं रेडिओ तेज जोरदार तारानिर्मितीतूनही येतं. दूर-अवरक्ताशी त्याचं नेहमीचं प्रमाण जुळत असेल, तर एजीएनसाठी वेगळा पुरावा लागेल. शिवाय जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झ सर्वेक्षणाचं विभेदन २५ विकलांचं आहे. तेवढ्यात दृश्य प्रकाशातल्या दोन-तीन दीर्घिका सहज मावतात. रेडिओ स्रोत आणि दीर्घिका यांच्या जोड्या निव्वळ अंतरावरून लावू नका, चित्र उघडा. दोन लोब (केंद्रकाच्या दोन बाजूंना पसरलेले रेडिओ फुगे) दिसले तर यजमान दीर्घिका सहसा त्यांच्या मध्ये असते.

तक्त्यात प्रत्येक तरंगपट्ट्याला वेगळा रकाना आणि निरीक्षणाची तारीख ठेवा, कारण ही केंद्रकं वर्षावर्षांत बदलतात. 'पाहिलंच नाही' आणि 'पाहिलं पण दिसलं नाही' यांना एकच शून्य देऊ नका. दुसऱ्यासाठी वरची मर्यादा लिहा.