पीएम किसानचा हप्ता अडकला असेल तं हे आधी बघा
२०२० च्या लॉकडाऊनमध्ये काटोल-नरखेडचा संत्रा बागेतच अडकला होता, तेव्हा केंद्राने एप्रिलमध्येच पीएम किसानचे २००० टाकले, पण ज्यांचं आधार बँकेला नीट जोडलेलं नाही असे बरेच जण आजही हप्त्यासाठी अटकून राहिले आहेत भाऊ.

आधी पोर्टलवर 'नो युवर स्टेटस' (Know Your Status) उघडा, तिथं ई-केवायसी (ओळखीची पडताळणी), आधार सीडिंग (आधार बँक खात्याला जोडणं) आणि लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं) तिन्हीपुढं 'येस' पाहिजे. ई-केवायसी मोबाईलवर ओटीपीने होते, नंबर बंद असेल तं सेतू केंद्रात अंगठा लावा.

सगळ्यात जास्त घोळ आधार सीडिंगचा. पासबुकात आधार नंबर आहे म्हणजे झालं असं नाही, पैसे आधारवर येतात म्हणून बँकेत स्पष्ट सांगा की डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यायसाठी) आधार एनपीसीआयला, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेला, लिंक करा, आणि पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका.

लँड सीडिंग 'नो' दिसलं तं सातबारा, आठ-अ घेऊन तहसीलमध्ये जा. वडील गेले अन् फेरफार (सातबाऱ्यावर वारसांची नोंद) राहिला असेल तं तो आधी करा, खरंच टाळू नका, त्याच्याशिवाय पुढं काहीच सरकत नाही. राज्याचा नमो शेतकरीचा हप्तापण याच यादीवर चालतो. हेल्पलाईन १५५२६१.